चिखलवाटेची गाडी : टोचन लावण्याआधी

नाल्यातून गाडी कशी घालायची ते या आठवड्यात लिहीन असे म्हटले होते. ते पुढच्या खेपेला. आरमोरीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न पावसाळा तोंडावर येण्याआधी निकालात निघायला हवा.

त्यांची जिप्सी एटापल्लीच्या रस्त्यावर बंद पडली. पेट्रोलचा पंप गेला होता, बाकी गाडी ठणठणीत. टोचनवाल्याने पुढची चाके उचलली, मागची रस्त्यावर सोडली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि गाडी थेट चंद्रपूरला आणली. पंप बदलला, गाडी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गिअरबॉक्समधून घूं घूं आवाज यायला लागला. मिस्त्री म्हणतो, गाडी जुनी आहे, हे कधीतरी होणारच होते. वाचक विचारतात, गिअर न्यूट्रल होता ना, मग आत बिघडले काय?

गाडीचे वय इथे गौण आहे. टोचन चुकीचे लागले.

गिअरबॉक्समध्ये तेल तळाशी साचलेले असते. खालचा दात्यांचा शाफ्ट, ज्याला मिस्त्री लोक काउंटर शाफ्ट म्हणतात, तो फिरला की तेल वर उडते आणि वरच्या मुख्य शाफ्टच्या गिअरना, त्यांच्या आतल्या सुईसारख्या बेअरिंगना मिळते. काउंटर शाफ्टला फिरवते इंजिन. आता इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि मागची चाके डांबरावर फिरताहेत. चाके प्रोपेलर शाफ्टला फिरवतात, तो ट्रान्स्फर केसमधून गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टला फिरवतो. काउंटर शाफ्ट मात्र जागेवर गप्प. म्हणजे वरचा शाफ्ट तासन् तास फिरतो आणि त्याच्यावर तेलाचा थेंब उडत नाही. गॅरेज दोन-चार किलोमीटरवर असेल तर निभावून जाते. एटापल्ली ते चंद्रपूर हा पल्ला शंभर किलोमीटरच्या वरचा आहे. तेवढ्यात बेअरिंग कोरडी पडून तापते, निळी पडते आणि मग आवाज देऊ लागते.

जिप्सीला दोन न्यूट्रल आहेत, आणि टोचनसाठी उपयोगाचा आहे तो दुसरा. मोठ्या गिअर लिव्हरच्या शेजारची छोटी लिव्हर पाहा : २एच, ४एच, एन, ४एल. त्यातला एन हा ट्रान्स्फर केसचा न्यूट्रल. ती लिव्हर तिथे आली की पुढचा आणि मागचा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट गिअरबॉक्सपासून सुटतात. चाके खुशाल फिरोत, गिअरबॉक्स निवांत राहतो. ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव गेटांवर वर्षानुवर्षे जिप्सी चालवणाऱ्यांतही या एनला कधी हात न लावलेले पुष्कळ आहेत. लिव्हर २एचला असते, चिखल आला की ४एचला जाते, फार तर ४एलला. मधला एन ओलांडला जातो, तिथे कोणी थांबत नाही.

एन खरोखर लागला की नाही, हे ओळखण्याची युक्ती मला फार आवडते, आणि ती जिप्सीच्या खास बांधणीमुळेच जमते. बहुतेक गाड्यांत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टने जोडलेला असतो. जिप्सीत तो वेगळा आहे, चेसिसला रबरी माउंटिंगवर टांगलेला, आणि गिअरबॉक्सपासून त्याच्यापर्यंत एक छोटा तिसरा शाफ्ट जातो. सपाट जागी छोटी लिव्हर एनला टाका, मोठी लिव्हर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि दोघांनी गाडी ढकला. गाडी सहज पुढे सरकली की एन लागला. अडली तर लिव्हर अर्धवट आहे. तिसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून वाकून पाहिले तर आणखी खात्री पटते : मागचा लांब शाफ्ट फिरतो, त्याच्यावरचा वाळलेला चिखल ढेकळाढेकळाने गळून पडतो, आणि मधला बुटका शाफ्ट हलतसुद्धा नाही. (ही तपासणी अंगणात करायची. ताडोब्याच्या कोअरमध्ये पर्यटकाने गाडीतून उतरायचेच नसते, तिथे पर्यटक दुसऱ्या जिप्सीत बसतात आणि पुढचे काम चालक व वनकर्मचारी बघतात.)

एन लावून चारही चाकांवर गाडी फार लांब न्यायची असेल तर आणखी एक पथ्य आहे. अमेरिकेत जिप्सीची बहीण, सुझुकी सामुराय, मोठ्या घरगाडीच्या मागे बांधून शेकडो मैल नेण्याची रीत होती. त्यासाठी कंपनीची सूचना अशी, की दर २०० मैलांना, म्हणजे साधारण ३२० किलोमीटरला थांबा, ट्रान्स्फर एनमध्येच ठेवून इंजिन सुरू करा आणि ते मिनिटभर गिअरमध्ये फिरू द्या. तेवढ्याने ट्रान्स्फर केसमधले तेल पुन्हा वरपर्यंत पोचते. आपल्याकडे एवढा लांबचा पल्ला क्वचित पडतो, पण यावरून तेलाचे महत्त्व कळते.

एन लावला की गाडी मोकळी होते, हेही ध्यानात ठेवा. उतारावर पहिला गिअर टाकून गाडी उभी करण्याची आपली सवय इथे कामाची नाही, कारण गिअरबॉक्स चाकांशी जोडलेलाच नसतो. आधी हँडब्रेक, चाकाखाली दगड, मग एन. दोर किंवा बार पक्का बांधून झाल्यावर दगड काढायचे आणि सर्वांत शेवटी हँडब्रेक सोडायचा. हा क्रम उलटला की गाडी माणसाच्या अंगावर येते.

ज्यांच्या गाडीला लिव्हर नाही, गोल बटण आहे, त्यांचे काय? जुन्या सफारी आणि स्कॉर्पिओच्या फोर बाय फोर गाड्यांत बटणावर २एच, ४एच, ४एल एवढेच आहे, एन नाही. शिवाय ते बटण विजेवर चालते. गाडी ४एचमध्ये असताना बॅटरी बसली तर ती त्यातच अडकते. अशा गाडीची दोनच चाके उचलून ओढली तर जमिनीवरची चाके उचललेल्या चाकांना फिरवू पाहतात आणि गाडी टोचनच्या पाळण्यावरून उडी मारते. तिच्यासाठी फ्लॅटबेड मागवा, चारही चाके वर. डस्टर किंवा एक्सयूव्हीच्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांनाही हेच लागू, त्यात माझ्या मते तडजोडीला जागा नाही.

फ्लॅटबेड सिरोंचा-भामरागडकडे वेळेवर मिळणार नाही, हे मलाही माहीत आहे. तेव्हा उपाय म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट खोलणे. डिफरन्शियलच्या फ्लँजला चार बोल्ट असतात, पाना असेल तर पंधरा-वीस मिनिटांचे काम. खोलण्याआधी दोन्ही फ्लँजवर खडूने किंवा रंगाने एक आडवी रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना रेघ रेघेला जुळते आणि शाफ्ट थरथरत नाही. काही गाड्यांत शाफ्टचे पुढचे टोक ट्रान्स्फर केसमध्ये नुसते सरकवलेले असते. ते ओढून काढले तर तेल वाहून जाते, म्हणून ते टोक न काढता शाफ्ट तारेने चेसिसला वर बांधतात. आणि जुन्या विलीज जातीच्या जीप अजून कोणाकडे असतील तर त्यांनी जपावे : तिचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या पाठीमागे शाफ्टवर आहे. शाफ्ट खोलला की हँडब्रेकही गेला.

आता रस्त्यावरचे. १९८९ च्या रस्ते-नियमावलीत टोचनचे नियम स्पष्ट दिले होते : दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत, ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक, दोर लांबून दिसेल असा, आणि मागच्या बाजूला पांढऱ्यावर काळ्या ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत ‘ऑन टो’. २०१७ मध्ये नवी नियमावली आली, तरी हे आकडे मनाशी बाळगण्यासारखे आहेत. आमच्याकडे दोराच्या मध्यावर लाल फडके बांधतात, ती पद्धत उत्तम. आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर ट्रकमागून ट्रक धावत असतात, आणि संध्याकाळी दोन गाड्यांमधला दोर न दिसल्याने दुचाकीस्वार मधे घुसण्याचा धोका खरा आहे. अंधार पडल्यावर दोराने ओढूच नका. रात्र जवळच्या गावात काढा.

मागच्या गाडीतल्या माणसाचे काम अवघड असते. इंजिन बंद म्हणजे दोन-तीनदा ब्रेक दाबला की पुढे पाय लाकडावर दाबल्यासारखा वाटतो, पॉवर स्टिअरिंगही जड होते. बिघाड इंजिनात नसेल तर इंजिन चालू ठेवा. बंद असेल तर किल्ली स्टिअरिंगचे कुलूप उघडेल एवढी फिरवलेली हवीच. रपट्यावर उतरताना पुढची गाडी मंदावते, दोर ढिला पडतो आणि चढावर तोच दोर हिसका देतो. हुक तुटतात ते याच हिसक्याने. म्हणून मागच्याने उतारावर हलका ब्रेक धरून दोर ताणलेला ठेवायचा. लोखंडी टो-बार असेल तर ही कटकट मिटते. जिप्सी चालवणाऱ्या प्रत्येक गावात चार जणांनी मिळून एक बार करून घ्यावा, असे मी नेहमी सांगतो.

झाडीपट्टीत मदतीला बहुधा बांधीतला ट्रॅक्टर येतो. त्याला दोर खालच्या ड्रॉबारलाच लावू द्या. वरच्या टॉपलिंकला लावून जोर दिला तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि तो चालकावर उलटतो. इतका भला माणूस आपल्यासाठी बांधीतून येतो, त्याला दोर कुठे लावायचा हे सांगण्याचा संकोच करू नका.

आरमोरीच्या वाचकांना : गिअरबॉक्सचे तेल काढून पांढऱ्या फडक्यावर ओता. धातूची चमक दिसली तर तसेच चालवत राहू नका, खोलून बेअरिंग बदला. आणि बाकी सगळ्यांनी मोटारीच्या पुस्तिकेतले टोचनचे पान या रविवारी वाचून, लिव्हर एकदा एनला टाकून पाहावी. पुढच्या आठवड्यात नाला.