वाळूत उतरण्याआधी टायरमधली हवा

नोव्हेंबर लागला की आखातातून आपल्या घरांत व्हिडिओ येऊ लागतात. तांबूस वाळूचे डोंगर, त्यांवरून उसळत जाणारी मोठी गाडी, आत मुलांचा कल्ला आणि मागच्या सीटवरून कुणाचे तरी "या अल्लाह, हळू चालव रे!" रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मोहल्ल्यांत घराआड एक जण दुबई, शारजा, मस्कत किंवा दमामला आहे. पूर्वी ही मंडळी सुट्टीच्या दिवशी खोलीवर झोप काढत. आता बायको-मुले तिथे आहेत, व्हिजिट व्हिसावर अम्मी-अब्बाही जाऊन येतात. ऑक्टोबर ते एप्रिल हवा बरी असते, त्यामुळे वाळवंटात सहल ठरतेच.

टूर कंपनीच्या गाडीत बसून गेलात तर चालवणारा माणूस रोज तेच काम करत असतो. पण दोन-चार वेळा त्याच्या शेजारी बसले, मग स्वतः जुनी फोर बाय फोर घेतली आणि भावाच्या, मेहुण्याच्या कुटुंबाला घेऊन निघाले, असेही बरेच जण करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या गाडीत बसणाऱ्यांसाठीही.

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, एवढेच. गाडी निघायला त्याने मदत होते. थांबायला होत नाही. ब्रेक इतर गाड्यांसारखेच असतात आणि गाडी उंच असल्याने उलटण्याची शक्यता उलट जास्त असते. वाळूत गाडी चालते ती मुख्यतः टायरच्या जोरावर. रस्त्यावर आपण ३२ ते ३६ पीएसआय हवा ठेवतो. एवढ्या हवेचा कडक टायर मऊ वाळूत सुरीसारखा घुसतो. हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर खाली पसरतो, त्याचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो, गाडीचे वजन वाटले जाते आणि तीच गाडी वाळूवर तरंगल्यासारखी जाते. नवखा माणूस हवा न काढता नुसता ॲक्सिलरेटर दाबतो, चाके जागीच फिरतात आणि पाच मिनिटांत गाडी पोटावर बसते.

हवा मोजायला चांगला गेज हवा. नजरेने मोजू नये. आणि हवा कमी असताना वेगात झटकन वळण घेऊ नये, कारण टायर रिमवरून सुटतो. १२ पीएसआयच्या खाली तर ही भीती फारच वाढते.

आता ज्या चुकीसाठी हे सगळे लिहायला घेतले ती सांगतो. संध्याकाळ होते, मगरिबची नमाज वाळूवर होते, चहा होतो, मुले पेंगतात. हवा भरण्याचा पंप कुणाकडेच नसतो, किंवा असतो पण चार टायरांना अर्धा तास लागतो म्हणून कंटाळा येतो. "पुढे पेट्रोल पंपावर भरू" असे म्हणत गाडी हायवेला लागते आणि बोलता बोलता काटा १०० च्या पुढे जातो. कमी हवेच्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दबतात आणि सुटतात, त्यातून उष्णता साठत जाते, शेवटी टायर फाटतो. भरलेली, उंच गाडी आणि हायवेचा वेग, त्यानंतर काय होते ते सांगायला नको. वाळूत बहुतेक गाड्या फक्त रुततात. डांबरी रस्त्यावर माणसे जातात. म्हणून गाडीवर चालणारा छोटा काँप्रेसर आधी घ्या, बार्बेक्यूची शेगडी नंतर. हवा वाळू संपते तिथेच भरायची, मग कितीही उशीर होवो. नमाजला थांबलात तेव्हाच काँप्रेसर लावून दिला तर वेळही फुकट जात नाही.

टेकडीवर चढायचे ते सरळ आणि उतरायचे तेही सरळ. आडवे जाताना मागचा भाग घसरू लागला तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळवून हलका ॲक्सिलरेटर द्यायचा. घाबरून वरच्या बाजूला वळवले की गाडी लोळते. माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही. पलीकडचा उतार कडा असू शकतो, किंवा तिथे दुसरी गाडी उभी असू शकते. म्हणूनच गाड्यांवर उंच काठीला झेंडा लावतात. थांबायचे असेल तर नाक उताराकडे ठेवून, म्हणजे निघताना त्रास होत नाही. लो गिअर आधीच घालून घ्यावा, चढावर मध्येच शोधत बसू नये. आणि ज्या गाडीत फोर व्हील हाताने लावायचे असते, ती कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये चालवू नये. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, त्याचा सगळा ताण गिअरवर येतो.

पट्टा सगळ्यांना. "वाळूत कोण पकडतोय?" हे वाक्य मी फार ऐकले आहे. मांडीवर घेतलेले मूल गाडी उसळली की छतावर आपटते, आईच्या हातांत तेवढी ताकद नसते. आइसबॉक्स, गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन बांधून ठेवावेत. टपावर जड सामान नकोच.

गाडी रुतली तर पहिले काम म्हणजे ॲक्सिलरेटर सोडणे. सगळ्यांनी खाली उतरावे, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढावी, हवा आणखी थोडी उतरवावी आणि आल्या चाकोरीनेच मागे यावे. दहांतल्या आठ वेळा एवढ्याने काम होते, असा माझा अंदाज. दुसऱ्या गाडीने ओढायचे झाले तर पट्टा कंपनीने दिलेल्या टोइंगच्या हुकालाच अडकवावा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही नाही. तो गोळा ताणाने तुटतो आणि बंदुकीच्या गोळीसारखा काच फोडून आत येतो. ओढताना बघ्यांना पट्ट्याच्या लांबीहून बरेच दूर उभे करा. मोबाइलवर शूटिंग करणारा पुतण्या नेमका तिथेच उभा असतो.

वाळूपेक्षा फसवी जमीन म्हणजे सबखा. वरून सपाट, कडक, कुठेकुठे मिठाचा पांढरा पापुद्रा. खाली ओला चिखल. त्यात बसलेली गाडी फावड्याने निघत नाही. ओमानमध्ये रुब अल खालीच्या कडेला उम्म अल समीम नावाची अशीच मोठी जमीन आहे. नावाचा अर्थ विषाची आई असा सांगतात. उंटवाल्या बदूंनी हे नाव उगाच ठेवलेले नाही. सपाट दिसले म्हणून गाडी नवी चाकोरी पाडत तिथे घालू नये.

डोंगराकडे गेलात तर वादी, म्हणजे कोरडी नदी. हजर पर्वतात पाऊस पडतो आणि तुमच्या डोक्यावर निळे आकाश असताना पाणी येते. दोन फूट वाहते पाणी मोठी गाडीसुद्धा उचलते. इथे फोर बाय फोरचा काही उपयोग नाही, कारण चाके जमिनीला टेकलेलीच नसतात. अमिरातीत २०२३ पासून पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम दंड, २३ ब्लॅक पॉइंट आणि ६० दिवस गाडी जप्त. दंडाच्या भीतीने का होईना, थांबा. वादीत तंबूही ठोकू नका.

एकट्या गाडीने जाऊ नये, हे तिथला प्रत्येक जुना माणूस सांगेल. कुठे चाललो आणि किती वाजता परतणार हे मागे कुणाला तरी सांगून जावे. मोबाइलला रेंज नसते. पाणी माणशी पाच लिटर, शिवाय गाडीसाठी वेगळे. बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्यांना गाडी दिसते, माणूस दिसत नाही. अमिरातीत पोलिसांचा नंबर ९९९, ओमानमध्ये ९९९९.

जाताना काय मागे ठेवतो तेही पाहावे. वाऱ्याने उडालेली प्लास्टिकची पिशवी उंट गिळतो, ती पोटात साठत जाते आणि तो उपाशी मरतो. निखारे वाळूत पुरले तर तासन्‌तास धगधगत राहतात, त्यावर अनवाणी मूल पाय ठेवते. पाणी ओतून विझवावेत. सावलीसाठी गाफच्या झाडाखाली गाडी लावली तरी फांद्या जळणाला तोडू नयेत. ते अमिरातीचे राष्ट्रीय झाड आहे, आणि ओसाड जमिनीत एवढे वाढायला त्याला किती वर्षे लागली असतील!

गल्फमध्ये हे शिकलेली मुले सुट्टीत गावी येतात आणि मित्राची जीप आपल्या किनाऱ्यावर घालतात. इथे तर हवा काढूनही भागत नाही. भरती येते. रुतलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी इंजिनात गेलेले असते. शिवाय वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, ती वरून दिसत नाहीत आणि चाकाखाली चिरडतात. किनाऱ्यावर गाडी नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहलीहून परतल्यावर गाडी तशीच पार्किंगमध्ये लावून झोपू नये. दुसऱ्या दिवशी एअर फिल्टर काढून झटकावा, फार भरला असेल तर बदलावा. बारीक वाळू आत गेली की इंजिन घासते. सबखाच्या किंवा समुद्राच्या जवळून आला असाल तर खालची बाजू गोड्या पाण्याने, दाबाच्या पाइपने धुवावी, मीठ चासीला खाते. चाकांचे नट पुन्हा आवळावेत, टायरच्या आतल्या भिंतींवर चीर आहे का ते हात फिरवून पाहावे. वादीच्या पाण्यातून गेला असाल तर गॅरेजवाल्याला डिफरन्शियलचे ऑइल बघायला सांगावे. ते दुधी दिसले तर पाणी शिरले आहे, ऑइल लगेच बदलून घ्यावे.