कंपनीची बखर आणि आपली कॅसेट

माजलगावात 'कोनामी' हे नाव उच्चारले, तर ऐकणारा बहुधा प्रश्नार्थक चेहऱ्याने पाहील. 'कॉन्ट्रा' म्हटले, की मात्र आज पस्तिशी-चाळिशीत असलेला माणूस, मग तो मोंढ्यातल्या आडतीवर बसणारा असो, नाही तर शाळेत शिकवणारा, क्षणभर थांबतो. कोलांटउड्या मारत जंगलातून धावणारे ते दोन उघडेबंब सैनिक, मग धबधबा, मग बर्फ, असे सारे त्याला क्रमाने आठवते. ज्याने हा खेळ शेकडो वेळा खेळला, त्याला तो कोणी केला हे ठाऊक नाही; आणि ज्या कंपनीने तो केला, तिला माजलगाव ठाऊक नाही. या परस्पर-अपरिचयाची दखल आताच घ्यायला हवी. कारण व्हिडिओ गेमच्या जुन्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत आपापले इतिहास सिद्ध करायला घेतले आहेत, आणि त्या इतिहासात आपल्यासाठी पान नाही.

हे इतिहास छापील नव्हेत, ते खेळांच्या संग्रहाच्या रूपात येतात. कोनामीची सुरुवात २१ मार्च १९६९ रोजी जपानात ओसाकाकडे झाली, ती ज्यूकबॉक्स भाड्याने देणे आणि दुरुस्त करणे या धंद्याने. २०१९ साली पन्नाशी गाठल्यावर कंपनीने तीन संग्रह काढले. त्यांतला एक केवळ कॉन्ट्राचा आहे. १९८७ साली नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रावर आलेला मूळ खेळ, १९८८ची घरगुती आवृत्ती, पुढचे भाग आणि सोबत जुनी रेखाटने व टिपणे असलेले एक डिजिटल पुस्तक, असा त्याचा ऐवज आहे. २०२२ साली अमेरिकेतल्या अटारीचा पन्नाशीचा संग्रह आला आणि त्याने ही कल्पना आणखी पुढे नेली. त्यात कालक्रमाच्या रेषेवरून वाचक सरकत जातो. वाटेत मुलाखती, जाहिराती, कागदपत्रे लागतात. आणि ज्या खेळाविषयी वाचले, तो तिथेच खेळताही येतो. वस्तुसंग्रहालयातल्या काचेच्या पेटीवरची 'हात लावू नये' ही पाटी काढून टाकावी, तसा हा प्रकार आहे.

या उद्योगाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्या काळी कंपन्या खेळ करणाऱ्याचे नाव लपवीत. अटारीच्या वॉरन रॉबिनेटने १९८०च्या 'अ‍ॅडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली केली आणि तिच्यात आपले नाव दडवून ठेवले, ते याच कारणाने. जपानातही खेळाच्या शेवटी खऱ्या नावांऐवजी टोपणनावे देण्याची रीत होती. १९८६ साली 'ग्रॅडियस' हा खेळ घरगुती यंत्रावर आणताना कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासण्यापुरताही जमेना. म्हणून त्यांनी बटणांची एक किल्ली त्यात घातली: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. हीच किल्ली पुढे कॉन्ट्रात तीन जिवांचे तीस जीव करून देऊ लागली. हाशिमोतो २०२० साली वारले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या. कारागिराचे नाव त्याच्या कामाला पुन्हा चिकटवणे, हे अशा इतिहासामुळेच घडते.

परंतु कोणतीही बखर दरबारात लिहिली जाते. तिच्यात राजाच्या स्वाऱ्या येतात, रयतेच्या घरचे काय ते येत नाही. कॉन्ट्रा माजलगावात, गेवराईत, परळीत कसा पोचला, हा प्रश्न कोनामीच्या दप्तराला कधी पडलाच नाही. कारण आपण तिचे गिऱ्हाईक कधी नव्हतोच.

तो पोचला तो आडवाटेने. निन्टेंडोचे 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानात जुलै १९८३मध्ये विक्रीला आले. तैवानातल्या कारखान्यांनी त्याच्या मुख्य चिपांशी जुळणाऱ्या चिपा तयार केल्या, आणि काही वर्षांत साऱ्या यंत्राचे काम एकाच चिपमध्ये बसवले. काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली झाकलेल्या त्या एका चिपमुळे यंत्र कमालीचे स्वस्त झाले. नव्वदच्या दशकात ते आपल्याकडे नाना नावांनी विकले गेले. कार्ट्रिज हा शब्द कोणी वापरला नाही, ती 'कॅसेट'च होती. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे छापलेले असे. प्रत्यक्षात आत मोजके खेळ असत आणि तेच नावे बदलून पुनःपुन्हा येत. चित्र आले नाही, तर कॅसेट काढून फुंकायची, हा उपाय कोणी कोणाला शिकवला नाही. तरीही तो जपानपासून मराठवाड्यापर्यंत सर्वांना अवगत होता.

तालुक्याच्या गावांत या यंत्राचा खरा संसार घरात नव्हता, तो होता तासावर पैसे घेणाऱ्या दुकानात. रंगीत टीव्ही घरी असणारे थोडे, यंत्र असणारे त्याहून थोडे. त्यामुळे डॉक्टरांचा मुलगा आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरचा मुलगा यांच्या हाती एकाच यंत्राचे दोन 'रिमोट' येण्याची शक्यता त्या एका बाकावर होती. एक खेळे, दहा बघत. वीज गेली, की आठव्या टप्प्यापर्यंत नेलेला डाव शून्यावर येई, कारण डाव राखून ठेवण्याची सोयच नव्हती. परळीच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होते आणि शेजारच्या तालुक्यांनी भारनियमन सोसायचे, या विसंगतीचा पहिला अनुभव काही मुलांना अशा दुकानात आला असेल, तर नवल नाही.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. कॉन्ट्राच्या जपानी घरगुती आवृत्तीत झाडे डोलतात, बर्फाच्या टप्प्यात बर्फ पडतो, आणि प्रत्येक टप्प्याआधी नकाशा दिसतो. त्यासाठी कोनामीने कॅसेटमध्ये स्वतःची खास चिप घातली होती. अमेरिकेतल्या आवृत्तीत ती नव्हती, म्हणून तिथल्या मुलांनी तो पडता बर्फ पाहिला नाही. युरोपात तर सैनिकांच्या जागी यंत्रमानव आले आणि खेळाचे नावही बदलले. संग्रहात जपानी आणि अमेरिकी रूपे शेजारी ठेवली आहेत, यंत्रमानवांचीही काही आहेत, आणि ती तुलना मोठी उद्बोधक आहे. मात्र चौथे रूप त्यात नाही. 'इतके इन एक' कॅसेटांमध्ये अज्ञात हातांनी फेरफार केलेले, सुरुवातीलाच तीस जीव देणारे, हवा तो टप्पा निवडू देणारे कॉन्ट्रा असत. आशियातल्या अनेक मुलांच्या वाट्याला हेच रूप आले. ते कंपनीच्या लेखी चोरीचा माल. मग ते तिच्या गौरवग्रंथात कसे यावे?

चोरी ती चोरीच. त्या कॅसेटांतून मूळ कारागिरांना एक पैसाही मिळाला नाही, हे नाकारून चालणार नाही. पण इतिहास केवळ मालकीहक्काच्या कागदावरून लिहिला, तर तो अपुरा राहतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे दिसले, की २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. संग्रह निघतात ते खपणाऱ्या नावांचे. बाकीच्यांना वाली नाही. आपल्या कायद्याने संगणक-प्रणालीला 'साहित्यकृती' मानले आहे, आणि साहित्यकृतीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. तोवर यंत्रे गंजतील. त्या काळ्या ठिपक्याखालची चिप एकदा गेली, की तिची दुरुस्ती होत नाही.

हे नुकसान महाराष्ट्राने एकदा भोगले आहे. १९३१चा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत तयार झाला आणि मुंबईतच झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. चित्रपट म्हणजे तमाशा, करमणूक, धंदा. तो जपायचा कशाला, अशी तेव्हाची समजूत होती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने अनेक ठिकाणी हिंडून जुनी रिळे गोळा केली, म्हणून उरले ते उरले. नायर यांनी केवळ अभिजात चित्रपट निवडून घेतले नाहीत; सामान्य ठरवलेलेही घेतले. पुढच्या पिढीला काय हवे असेल हे आपण ठरवू नये, अशी त्यांची भूमिका होती.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत आपल्याकडे अद्याप तितकीही जाग नाही. कोनामीकडून माजलगावचा इतिहास लिहिला जाण्याची अपेक्षा करणे वेडेपणाचे होईल. मात्र तो लिहायला फार मोठे भांडवलही लागत नाही. दुकान कोणत्या गल्लीत होते, कोणत्या साली सुरू झाले, तासाला किती पैसे पडत, यंत्र औरंगाबादहून येई की हैदराबादहून, खेळांना गावात कोणती नावे पडली होती, मुली तिथे येत की नाही, आणि नसत तर का, हे सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत. दुकान चालवणारे आता साठीकडे झुकले असतील. एखाद्या तालुका वाचनालयाने एक वही आणि एक कपाट एवढे जरी या कामाला दिले, तरी सुरुवात होईल.

कपाटात ठेवायच्या वस्तू फार दूर नाहीत. पुष्कळ घरांच्या माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे, पिवळ्या पडलेल्या त्या कॅसेटा अजून आहेत. दिवाळीची साफसफाई दर वर्षी येते, आणि दर वर्षी त्यांतल्या काही भंगारवाल्याच्या गाड्यावर जातात.