पंचनाम्याबाहेरची वस्ती

अतिवृष्टी होते, मंत्री बांधावर येतात, मदत जाहीर होते, महिना-दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागते आणि त्या यादीत आपली वस्ती नसते. वऱ्हाडातील कार्यकर्त्यांना हा क्रम पाठ झाला आहे. मग मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, तहसीलदार ‘चौकशी करतो’ म्हणतात. पण ज्या निधीसाठी आपण भांडतो तो कोणत्या कायद्याने उभा राहतो, कोणाच्या सहीने खाली उतरतो आणि नेमका कोणत्या वळणावर आपल्याला चुकवून पुढे जातो, याची मांडणी आपण फारशी करीत नाही. माझे अनेक विद्यार्थी दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, तेल्हारा या भागांतील. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलेला प्रश्न या लेखाचे निमित्त आहे : “सर, पाणी त आमच्या घरात पयले शिरलं. मंग यादीत आमी काऊन नाई?”

पाणी आधी का शिरले याचे उत्तर अवघड नाही. गावगाड्याने आपल्याला जागा दिली ती नाल्याच्या काठी, गावाच्या उतरत्या अंगाला. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात काळी माती पाणी लवकर पिऊन घेत नाही. पेढी, शहानूर, काटेपूर्णा, मोर्णा फुगल्या की पाणी मागे रेटते आणि पहिली ओल वस्तीच्या मातीच्या भिंतींना लागते. जुलै २०२१ मध्ये एका रात्रीच्या पावसाने मोर्णेकाठच्या अकोला शहरात पाणी शिरले, तेव्हाही सखल भागात राहणारी माणसे कोणत्या थरातली होती हे निराळे सांगण्याची गरज नाही. यादीत आपण का नाही, याचे उत्तर मात्र कागदात आहे, आणि ते कागदातच शोधावे लागते.

पैसा कोठून येतो ते आधी पाहू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने केंद्रात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी (कलम ४६) आणि राज्यात राज्य आपत्ती प्रतिसाद निधी (कलम ४८) निर्माण केला. महाराष्ट्रासारख्या राज्यांत राज्य निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के, असे पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ठरवले होते. याच आयोगाने एक महत्त्वाची गोष्ट केली. आपत्तीच्या एकूण रकमेतील २० टक्के आपत्ती टाळण्याच्या कामांसाठी निराळे काढले, आणि उरलेल्या ८० चे तीन भाग केले : ४० तातडीच्या मदतीसाठी, ३० पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीसाठी, १० पूर्वतयारीसाठी. म्हणजे नाल्याला संरक्षक भिंत घालणे, वस्ती उंच जागी हलवणे, पडलेली शाळा नव्याने उभी करणे ही कामे कोणाच्या उदारपणावर सोडलेली नव्हती, त्यांच्यासाठी खाते होते. आपण मात्र कायम पहिल्याच खिडकीसमोर रांग लावली. दोन-चार हजारांच्या धनादेशासाठी भांडलो. नाला, भिंत, जागा हे मागितलेच नाही, किंवा मागितले ते दलित वस्तीच्या योजनेतून, जिथे आधीच आपल्या वाट्याचा पैसा अपुरा पडतो.

राज्याच्या निधीला न झेपणारी आपत्ती असेल तर राज्य केंद्राकडे निवेदन पाठवते, केंद्राचे आंतरमंत्रालयीन पथक पाहणी करते आणि केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समिती रक्कम ठरवते. पथकाची गाडी महामार्गालगतच्या शेतात थांबते, हे साऱ्यांनी पाहिले आहे. पण आपला प्रश्न दिल्लीत अडत नाही. तो पंचनाम्यातच अडतो.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरली जाते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक संयुक्त पंचनामा करतात. (तिघांची पदनावे शासनाने अलीकडे बदलली, गाव अजून जुन्याच नावांनी हाक मारते.) तो तहसीलदाराकडे, तेथून जिल्हाधिकाऱ्याकडे, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे आणि मंत्रालयातल्या मदत व पुनर्वसन विभागाकडे जातो. शासन निर्णय निघतो, पैसा २२४५ या लेखाशीर्षाखाली खाली येतो आणि आधार जोडलेल्या खात्यात जमा होतो. वर जाताना तो फक्त बेरीज होत जातो. ज्याचे नाव तलाठ्याच्या कागदावर चढले नाही, त्याला पुढच्या कोणत्याही टप्प्यावर कोणी नव्याने जन्माला घालत नाही. पूर्वी गावाची शीव दाखवायला, हद्दीच्या वादात साक्ष द्यायला महारालाच बोलावीत. आज नुकसानीचा पंचनामा होतो तेव्हा पंच म्हणून सही करणाऱ्यांत आपला माणूस आहे का, हे कोणी पाहिले आहे?

आता पंचनाम्यातले शब्द. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत घराचे तीन प्रकार होते : पक्के, कच्चे आणि झोपडी. सपाट प्रदेशात पूर्ण पडलेले घर, मग ते पक्के असो वा कच्चे, १,२०,००० रुपयांस पात्र. अंशतः म्हणजे किमान १५ टक्के पडलेले पक्के घर ६,५०० रुपयांस, कच्चे ४,००० रुपयांस. झोपडी असेल तर पूर्ण नष्ट झाली तरी ८,००० रुपये. आता आपल्या वस्तीतले घर डोळ्यांसमोर आणा. तीन बाजूंनी मातीच्या भिंती, एक बाजू कुडाची, वर टिनाचे पत्रे, पुढे तट्ट्याचा आडोसा. हे कच्चे घर की झोपडी? निकषांतली व्याख्या सांगते की झोपडी म्हणजे कच्च्या घराहूनही हलके, गवत, माती, प्लास्टिक यांनी उभे केलेले तात्पुरते बांधकाम. माती दोन्हीकडे आहे. तेव्हा निवाडा लिहिणाऱ्याच्या हाती, आणि एका शब्दाचा फरक १,१२,००० रुपयांचा. ज्या घरात तीन पिढ्या जन्मल्या त्याला ‘तात्पुरते’ म्हणता येत नाही, एवढा एक मुद्दा पंचनाम्याच्या वेळी उभे राहून मांडला असता तरी पुष्कळ घरांचे चित्र बदलले असते. ‘पूर्ण’ आणि ‘अंशतः’ यांचेही तसेच. मातीची भिंत पुरात नेहमी पडतेच असे नाही. ती पाणी पिते, फुगते आणि आठवड्याने उन्हात तडकून बसते. पंचनामा तिसऱ्या दिवशी झालेला असतो. अशा वेळी फेरपंचनाम्याचा लेखी अर्ज, तारीख घातलेल्या छायाचित्रासह, तहसीलमध्ये पोच घेऊन द्यायला हवा.

कपडे आणि भांडी यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपयांची तरतूद होती. परंतु घर वाहून गेले वा पूर्ण पडले नसेल, तर ते दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात असले पाहिजे. नाल्याचा पूर सहा तासांत येतो आणि जातो. जाताना ज्वारीचे पोते, पोरांची पुस्तके, अंथरूण घेऊन जातो. राज्याने काही वेळा ही अट शिथिल केली, म्हणजे ती अन्यायाची आहे हे शासनालाही ठाऊक आहे.

याहून मोठी अट निराळी आहे. पडलेले घर सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम असावे, असे निकष सांगतात. आपली कितीतरी घरे ई-क्लासच्या जमिनीवर आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच जमिनींसाठी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण निर्णय झाला आणि उताऱ्यावर नाव चढले, या दोन गोष्टींमध्ये अनेक घरांत एक पिढी संपून गेली. एवढ्या वर्षांची ही अर्धवट राहिलेली लढाई पुराच्या दिवशी ‘अनधिकृत’ या एका शेऱ्याच्या रूपाने परत समोर येते.

शेतीच्या मदतीबद्दल थोडक्यात. त्याच निकषांत पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. राज्याने कधी यात भर घातली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन हेक्टरपर्यंत मर्यादा वाढवून वर हेक्टरी १०,००० रुपये जाहीर केले. मदत मिळते ती सातबाऱ्यावरील नावाला. मक्त्याने किंवा बटईने ज्याने सोयाबीन पेरले, ज्याने सावकाराकडून बियाण्याचे पैसे उचलले, त्याचे नाव उताऱ्यावर नाही. आणि निंदणाला, कापूस वेचायला जाणारी बाई? पीक सडले तेव्हा तिची दोन महिन्यांची मजुरी सडली. तिच्यासाठी काहीच तरतूद नाही, असे आपण सारे समजून चाललो आहोत. ते खरे नाही. उपजीविका गंभीरपणे बाधित झालेल्या कुटुंबातील दोन प्रौढांना रोजगार हमीच्या दराने ठरावीक दिवस साहाय्य देण्याची बाब २०२२ च्या निकषांत होती. केरळमध्ये २०२४ च्या वायनाड दरडीनंतर कुटुंबातील दोन प्रौढांपर्यंत दररोज ३०० रुपये देण्यात आले. आमच्याकडे अतिवृष्टीच्या याद्या शेतीच्या उताऱ्यांवरून बनतात आणि मजुराची यादी बनवा असे तहसीलदाराला कोणी सांगत नाही. ग्रामसभेने ठराव करून मजूर कुटुंबांची यादी नावनिशीवार द्यावी, ही मागणी आता पुढे यायला हवी.

कायद्याचे कलम ६१ स्पष्ट आहे : भरपाई व मदत देताना लिंग, जात, समूह, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. कलम चांगले आहे. पण यादीत जात कोणी लिहीतच नाही. जात तेथे जमिनीच्या रूपाने येते, घराच्या भिंतीच्या रूपाने येते, पत्त्याच्या रूपाने येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे उदाहरण घ्या. सुमारे आठ हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसली. नव्या घरांचे वर्ग पाडले ते जमीनधारणेवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, सात हेक्टरच्या वर ७५०. भूमिहीनाला पक्के घर मिळाले, त्याच्या जुन्या खोपटापेक्षा ते मजबूत होते, हे मान्य केले पाहिजे. पण भूकंपाने एका रात्रीत सारखी केलेली माणसे शासनाने सातबाऱ्याच्या मापाने पुन्हा वेगळी केली, हेही तितकेच खरे. तमिळनाडूत २००४ च्या त्सुनामीनंतर भरपाई बोटीच्या मालकाला मिळाली. किनाऱ्यावर मासळी वाहणाऱ्या, जाळी ओढणाऱ्या दलित मजुराकडे गमावलेली म्हणून दाखवायला बोटच नव्हती.

ग्रामपंचायत, नगरपालिका यांना काय करता येते? स्वतःच्या सहीने या निधीतून पैसा काढता येत नाही. पण पाणीपुरवठा, रस्ते, पूल, प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, समाजमंदिर यांची तातडीची दुरुस्ती या निधीत बसते. त्यासाठी ग्रामपंचायतीने नुकसानीचा ठराव आणि अंदाजपत्रक गटविकास अधिकाऱ्यामार्फत वर पाठवावे लागते. ठराव नाही तर मागणी नाही. आणि ठरावात मुख्य रस्ता येतो, वस्तीचा पूल राहून जातो, हे ग्रामसभेला आपण गेल्याशिवाय सुधारणार नाही. कलम २५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, तर सहअध्यक्ष स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी असतो. अमरावती जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे तेथे प्रशासक बसला. ज्या प्राधिकरणात लोकांचा एक आवाज असायचा, तेथे दोन्ही खुर्च्या शासनाच्याच झाल्या, यावर फारशी चर्चासुद्धा झाली नाही.

संस्थांची गोष्ट निराळी. आपल्या भागातली तरुण मंडळे पुरात सर्वांत आधी पोहोचतात, भाकरी बांधून नेतात. मात्र प्रतिसाद निधीतून मंडळाला थेट अनुदान मिळत नाही. कलम ३० जिल्हा प्राधिकरणाला तळागाळातील स्वयंसेवी संस्थांचा सहभाग वाढवण्यास सांगते. तेव्हा जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात संस्थेचे नाव घालून घेणे हा पहिला मार्ग. दुसरा कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा : २०१९ पासून आपत्तीतील मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी या कामांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. पण १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी संस्थेची निराळी नोंदणी लागू लागली आणि तिच्या आधी न्यास नोंदणी, आयकराची बाराअ व ऐंशीजी प्रमाणपत्रे, लेखापरीक्षण. परदेशी देणगीचा जो झरा शहरातल्या मोठ्या संस्थेतून खेड्यातल्या मंडळापर्यंत पाझरत असे, तो २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला, कारण एका संस्थेने दुसरीला ती रक्कम देण्यास त्या दुरुस्तीने मनाई केली. परिणाम असा, की ज्यांच्याकडे सनदी लेखापाल आहे त्यांच्याकडे पैसा, आणि ज्यांच्याकडे माणसे आहेत त्यांच्याकडे रिकामे पावतीपुस्तक. एका गावी मी पाहिले, बाहेरून आलेल्या एका मोठ्या संस्थेने धान्याचे वाटप देवळाच्या ओट्यावरून केले. वस्तीतल्या चार म्हाताऱ्या आल्याच नाहीत. संस्थेच्या अहवालात ‘शंभर टक्के वाटप’ असे छापून आले.

कामाच्या गोष्टी शेवटी सांगतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल, घराची चारही बाजूंनी छायाचित्रे, रेशनकार्ड, आधार जोडलेले खाते यांच्या प्रती प्रत्येक घराने मे महिन्यातच काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात आणि दुसरी प्रत नाल्यापासून दूरच्या नातलगाकडे द्यावी. जुने अतिक्रमण नियमित करण्याचा अर्ज दिला असेल तर त्याची पोच त्याच पिशवीत. पंचनाम्याच्या दिवशी वस्तीतली दोन शिकलेली मुले तलाठ्याबरोबर फिरावीत आणि वहीत स्वतःची नोंद करावी : कोणाचे घर, कोणता शब्द लिहिला, किती टक्के. यादी लागली की ती त्या वहीशी ताडून पाहावी. तफावत असेल तर माहितीच्या अधिकारात मूळ पंचनाम्याची प्रत मागावी. ३० दिवसांत ती देणे बंधनकारक आहे. तहसीलदाराकडे हरकत, मग जिल्हाधिकाऱ्याकडे. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा कलम ७१ ने बंद केला आहे, उच्च न्यायालयाचा उघडा आहे, आणि वऱ्हाडाचे खंडपीठ नागपूरला आहे.

दर्यापूरकडच्या ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याच्या वस्तीत ४० घरांची अशी वही तयार झाली आहे. तिच्यात आठ घरांसमोर ‘झोपडी’ लिहिलेले आहे आणि त्या आठांवर हरकत दाखल आहे.