मोबाइल धुवावा की पुसावा?

करोनाच्या साथीत घरोघरी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली गेली, दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या गेल्या, काहींनी तर नोटांवर इस्त्रीही फिरवली. दिवसभर हातात असणाऱ्या मोबाइलचे काय करायचे, हे मात्र अनेकांना नीट उमगले नाही. कुणी त्यावर सॅनिटायझरचा फवारा मारला, कुणी तो थेट नळाखाली धरला. साथ ओसरली, प्रश्न तसाच राहिला. त्यात आता ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकले जाणारे फोन सर्रास मिळू लागले आहेत. मग भांडी धुतो तसा फोनही साबणाने धुतला तर काय बिघडले, असे वाटणे साहजिक आहे. थोडक्यात उत्तर द्यायचे तर फोन पुसावा, धुवू नये. आणि फोन पुसण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त लक्ष हात धुण्याकडे द्यावे.

फोनवर असते तरी काय?

ब्रिटनमध्ये २०११ साली लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन आणि क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी १२ शहरांतून फोन आणि हातांचे नमुने गोळा केले. ९२ टक्के फोनवर जिवाणू आढळले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे १६ टक्के फोनवर ‘ई. कोलाय’ हा जिवाणू सापडला. तो माणसाच्या आणि प्राण्यांच्या आतड्यात राहतो. तो फोनवर आहे याचा अर्थ शौचानंतर न धुतलेला किंवा नीट न धुतलेला हात त्या फोनला लागला आहे.

पुढे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २४ देशांतील ५६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सरासरी ६८ टक्के फोनवर सूक्ष्मजीव असल्याचे दिसले. ‘मोबाइल शौचालयाच्या सीटपेक्षा दहापट अस्वच्छ’ हे वाक्यही आपण अनेकदा वाचलेले असते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांच्या नावाने ते प्रसिद्ध आहे. पण त्याने घाबरून जायचे कारण नाही. शौचालयाची सीट लोक नियमित घासतात, फोन कुणी घासत नाही, एवढाच त्या तुलनेचा अर्थ. शिवाय जिवाणूंची संख्या जास्त म्हणजे आजार जास्त, असे गणित नसते. फोनवरचे बहुतेक जिवाणू आपल्याच त्वचेवरचे असतात आणि निरोगी माणसाला ते काही करत नाहीत.

खरा प्रश्न आहे तो उरलेल्या थोड्यांचा. कोरड्या काचेवर जिवाणू फारसे वाढत नाहीत, पण तग मात्र धरतात. ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’सारखे काही जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, अनुकूल परिस्थितीत काही महिनेही जिवंत राहू शकतात. तिथून ते पुन्हा बोटांवर येतात आणि बोटे तोंडाकडे जातात. सिडनीतील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका निरीक्षणात ते तासाला सरासरी २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत असल्याचे आढळले. त्यातले जवळजवळ निम्मे स्पर्श डोळे, नाक किंवा तोंडाला होते.

‘वॉटरप्रूफ’ म्हणजे धुण्याजोगा नव्हे

फोनच्या खोक्यावर ‘आयपी ६७’, ‘आयपी ६८’ असे आकडे असतात. त्यातला पहिला आकडा धुळीपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. शेवटी ७ असेल तर फोन एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकतो. ८ असेल तर त्याहून कठीण चाचणीत टिकतो आणि ती खोली व वेळ कंपनी ठरवते. पण ही चाचणी प्रयोगशाळेत, नव्या फोनवर, साध्या गोड्या पाण्यात होते. साबण, गरम पाणी, समुद्राचे पाणी किंवा सांडलेला चहा त्यात धरलेला नसतो.

साबणाचे काम मुळातच पाण्याचा पृष्ठताण कमी करण्याचे. त्यामुळेच साबणाचे पाणी कपड्याच्या धाग्याधाग्यांत शिरते आणि मळ सुटतो. फोनच्या बाबतीत नेमका हाच गुण नडतो. साधे पाणी जिथे अडते, त्या बारीक फटीतून साबणाचे पाणी आत झिरपू शकते. फोनच्या कडांना आतून लावलेले रबर आणि चिकट पट्ट्याही कायम टिकत नाहीत. फोन दोन-चारदा पडला, उन्हात तापला, स्क्रीन बदलून आणली, की ते संरक्षण कमी होते आणि बाहेरून ते कळत नाही. पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, तेही याचमुळे.

साबणाने धुता येईल असा फोन बनवताच येत नाही, असे मात्र नाही. जपानमध्ये क्योसेरा कंपनीने तो बनवला आणि केडीडीआय या दूरसंचार कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये बाजारात आणला. हात धुण्याच्या फेसाळ साबणाने तो धुता येत असे. पण त्यासाठी फोनची रचनाच वेगळी करावी लागली होती. कानाशी असणारे आवाजाचे छिद्र काढून स्क्रीनच्याच कंपनातून आवाज ऐकू येईल अशी सोय केली होती आणि साबणाने धुण्याच्या चाचण्या आधी घेतल्या होत्या. आपल्या खिशातला फोन असा बनवलेला नसेल, तर त्याच्यावर तो प्रयोग करू नये.

फोन भिजलाच तर तो बंद करावा, चार्जिंगचे तोंड खाली करून हलकेच झटकावा, हवेशीर जागी वाळू द्यावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नये. ओल्या जोडणीतून वीज गेली की धातूच्या पट्ट्या गंजतात आणि बिघाड कधी कधी काही दिवसांनी दिसतो. तांदळाच्या डब्यात फोन ठेवण्याचा घरगुती उपायही टाळावा. तांदळाचे बारीक कण आत जातात, म्हणून अ‍ॅपल कंपनीने तो करू नका असे सांगितले आहे.

पुसायचा कसा?

फोन बंद करून चार्जर काढावा आणि कव्हर वेगळे करावे. आधी मऊ, स्वच्छ कापडाने, चष्मा पुसायचे कापड असेल तर उत्तमच, धूळ आणि बोटांचे तेलकट डाग पुसून घ्यावेत. निम्मे काम इथेच होते, कारण मळ निघतो तेव्हा त्याला चिकटलेले जंतूही निघतात. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापडाने किंवा तयार वाइपने स्क्रीन, पाठ आणि कडा हलक्या हाताने पुसाव्यात आणि आपोआप वाळू द्याव्यात. लगेच कोरड्या कापडाने पुसले तर अल्कोहोलला काम करायला वेळच मिळत नाही.

७० टक्केच का, १०० टक्के का नाही? अल्कोहोल जंतूंची प्रथिने गोठवून त्यांना मारते आणि त्यासाठी थोडे पाणी लागते. शुद्ध अल्कोहोल भराभर उडून जाते आणि जंतूच्या आत नीट शिरत नाही. म्हणजे इथे जास्त तीव्र ते जास्त गुणकारी हा हिशेब चालत नाही.

द्रव नेहमी कापडावर घ्यावा, फोनवर ओतू किंवा फवारू नये. हाताला लावायचे जेल सॅनिटायझर फोनसाठी नको. त्यातल्या ग्लिसरीनमुळे फोन चिकट होतो. ब्लीच, फिनेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, काच पुसायचे अमोनियायुक्त द्रव यांपासूनही फोन दूरच ठेवावा. अल्कोहोल पेट घेते, म्हणून हे काम गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातल्या दिव्यापाशी करू नये. स्क्रीनवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून एक पातळ लेप असतो. तो वारंवार घासून झिजतो. स्क्रीनवर काचेचा गार्ड लावला असेल तर ही काळजी कमी होते. सिलिकॉनचे किंवा प्लॅस्टिकचे कव्हर मात्र खुशाल साबणाने धुवावे आणि पूर्ण वाळल्यावरच फोनवर चढवावे.

अतिनील किरणांच्या डब्या बाजारात मिळतात. हे किरण जंतू मारतात हे खरे, पण जिथे सावली पडते किंवा मळाचा थर असतो तिथे ते पोहोचत नाहीत. शिवाय ते डोळ्यांना आणि त्वचेला घातक असतात.

काळजी कुणी जास्त घ्यायची?

निरोगी माणसाने दिवसातून एकदा फोन पुसला तरी पुरे. करोनाच्याच बाबतीत, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये सांगितले होते.

रुग्णालयातले चित्र मात्र वेगळे असते. तुर्कस्तानात रुग्णालयातील २०० कर्मचाऱ्यांच्या फोनची तपासणी झाली, तेव्हा ९४.५ टक्के फोन दूषित निघाले. ही केवळ डॉक्टर आणि परिचारिकांची गोष्ट नाही. वॉर्डात रोज दिसणारे दृश्य असे : गावाकडच्या मंडळींना रुग्ण दिसावा म्हणून व्हिडिओ कॉल लावला जातो. फोन एका हातातून दुसऱ्या हातात जातो, रुग्णाच्या उशीशी टेकतो, सलाइन लावलेल्या हातात दिला जातो. प्रसूतीच्या वॉर्डात बाळाचा फोटो काढून झाला की तोच फोन दुपट्यावर ठेवला जातो. केमोथेरपी चालू असलेले, डायलिसिसवरचे, भाजलेले रुग्ण आणि कमी दिवसांची बाळे यांची प्रतिकारशक्ती तोकडी असते. निरोगी माणसाला काही न करणारा जंतू त्यांच्या जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णाला भेटायला जाताना दारातच फोन पुसावा, खिशात ठेवावा आणि मग हात धुवावेत. मध्येच फोन हाताळला तर रुग्णाला हात लावण्यापूर्वी पुन्हा धुवावेत.

व्हिएन्नात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. धुतलेला हात रुग्णापर्यंत स्वच्छच पोहोचायला हवा, हा त्यातला धडा. आज धुतलेला हात वाटेत सर्वात आधी फोनकडे जातो.

अल्कोहोलच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर ते फारसे चालत नाही आणि ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील’ या जिवाणूचे बीजाणू त्याने मरत नाहीत. घरात कुणाला जुलाब होत असतील तर फोन पुसून निभावणार नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुणेच आवश्यक आहे.

एवढे जमले तरी पुष्कळ

- फोन शौचालयात नेऊ नये. ही एक सवय लागली तरी पुसण्याचे निम्मे काम वाचते.
- कच्चे मांस, मासे, अंडी हाताळताना फोनला हात लावू नये. पाककृती बघायची असेल तर फोन आधीच समोर उभा करून ठेवावा.
- बाहेरून घरी आल्यावर आधी फोन पुसावा, मग हात धुवावेत. उलट क्रम केला तर धुतलेले हात पुन्हा मळतात.
- हात धुतल्यापासून जेवण होईपर्यंत फोन बाजूला ठेवावा.

शेवटचा नियम सर्वात अवघड आहे आणि तो लहान मुलांच्या बाबतीत सर्वाधिक मोडला जातो. मूल जेवत नाही म्हणून त्याच्या हातात फोन दिला जातो. एका हाताने ते स्क्रीन सरकवते आणि त्याच बोटांनी पोळीचा तुकडा तोंडात घालते. त्या फोनला दिवसभरात घरातल्या प्रत्येकाचा हात लागलेला असतो. त्यामुळे फोन कितीही पुसला तरी मुलाचे जेवण फोनशिवाय होईल, एवढे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.