तळाचे झाकण

लॅपटॉपच्या तळाचे झाकण केवळ धूळ अडवत नाही. पंख्याला हवा पुरवणाऱ्या जाळ्या बहुधा त्यावरच असतात, यंत्राला ताठपणा देण्यातही त्याचा वाटा असतो, आणि हे यंत्र पुढे कोणी उघडायचे, ते विकत घेणाऱ्याने की अधिकृत सेवा केंद्राने, याविषयीचे निर्मात्याचे मत सर्वांत आधी त्याच्या स्क्रूंवरून कळते.

अ‍ॅपलच्या २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोच्या झाकणाला पाच पाकळ्यांच्या खाचेचे दहा स्क्रू असून घरातला कोणताही स्क्रू ड्रायव्हर त्यांना लागू पडत नाही. शिवाय त्यांतले बिजागरीजवळचे दोन २.३ मिलिमीटर आणि उरलेले आठ ३ मिलिमीटर लांबीचे असल्यामुळे ते काढतानाच ज्याच्या त्याच्या जागेनुसार मांडून ठेवावे लागतात. याउलट लेनोवोच्या थिंकपॅड टी४८० मध्ये (२०१८) साधे फुलीच्या खाचेचे स्क्रू आहेत आणि ते पूर्ण सैल केले तरी झाकणालाच अडकून राहतात, त्यामुळे हरवण्याचा प्रश्नच येत नाही. फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ च्या आपल्या लॅपटॉपसोबत स्क्रू ड्रायव्हरच देऊ केला. तिथे तळाचे पाच स्क्रू सैल केले की कळफलकाची बाजू वर उचलायची असते.

टी४८० मध्ये मात्र स्क्रूला हात लावण्यापूर्वीच एक काम करावे लागते. त्याला दोन बॅटऱ्या असतात, एक मागच्या बाजूने सहज निघणारी आणि दुसरी आत बसवलेली. यंत्र बंद केले तरी आतली बॅटरी मुख्य पाटीला जोडलेलीच राहते, म्हणून चार्जर काढून, यंत्र सुरू होताना एफ१ दाबून, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत, ती बॅटरी तात्पुरती निष्क्रिय करावी लागते. चार्जर पुन्हा जोडला की ती आपोआप पूर्ववत होते.

स्क्रू सुटले तरी झाकण निघत नाही, कारण कडेने प्लास्टिकची बारीक लॉक असतात, म्हणजे खोबणीत अडकणारे आकडे. फटीत गिटारची नखी घालून ती थोडी थोडी पुढे सरकवली की एकेक लॉक टक् आवाज करत सुटते. धातूचा स्क्रू ड्रायव्हर घुसवला की आकडा तुटतो किंवा कडेवर कायमचा व्रण उरतो, आणि दुरुस्तीसाठी येणाऱ्या जुन्या लॅपटॉपांच्या कडा पाहिल्या तर हा मोह फारसा कोणाला आवरत नाही असेच दिसते. झाकण स्क्रू काढण्याआधीच फुगलेले असेल, तर मात्र दोष बहुधा आतल्या फुगलेल्या बॅटरीचा असतो आणि तिथे जोर लावणे धोक्याचे ठरते.

बसवताना आधी कडांवर दाबून सगळी लॉक लागल्याची खात्री करावी, मग प्रत्येक स्क्रू किंचित उलटा फिरवून आट्यात बसू द्यावा, आणि सगळे स्क्रू लागल्यावरच हलके आवळावेत. पुष्कळ लॅपटॉपांत हे आटे प्लास्टिकमध्ये रोवलेल्या छोट्या पितळी बुशांत असतात. जास्त जोर दिला तर बुशच जागच्या जागी फिरू लागते, आणि मग तो स्क्रू धड आवळलाही जात नाही आणि बाहेरही येत नाही.