अंबाझरीचा तलाव

हिंगणघाटाकडील मंडळी नागपुरास गेली म्हणजे संध्याकाळीं त्यांचे पाय अंबाझरीच्या बांधाकडे वळतात. गार वारा, विस्तीर्ण पाणी, जवळच 1958 सालीं केलेला बगीचा. मुलें रमतात, वडील माणसें विसांवतात. पण हा बांध हवा खाण्यासाठीं घातलेला नव्हे.

जुन्या तळ्याचा हा बांध 1870 च्या सुमारास अलेक्झांडर बिनी या इंजिनियराच्या देखरेखीखालीं वाढविण्यांत आला आणि तेथील पाणी नळानें शहरांत आलें. बिनीनें त्याच सुमारास नागपूरजवळ पाऊस व वाहून येणारें पाणी यांचें मोजमाप केलें. वर्षांत 500 मिलिमीटर पाऊस झाला तर त्यांतला सुमारें 15 टक्केच वाहून येतो. 1100 झाला तर 40 टक्के! मृगाचें पाणी तापलेली भुई पिऊन टाकते. ती तृप्त झाल्यावरच ओढे खळाळूं लागतात. हे आंकडे बिनीच्याच नांवानें अद्याप शिकविले जातात. (ज्या वरोऱ्याच्या कोळशासाठीं हिंगणघाटावरून आगगाडी गेली, तो शोधणाराहि हाच गृहस्थ.)

पुढें गोरेवाड्याचा तलाव झाला, शहर वाढलें, सांडपाणी शिरलें. अंबाझरीचें पाणी पिण्याजोगें राहिलें नाहीं. उरली ती करमणूक.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे मात्र कांहीं तासांतच शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. भाद्रपदांतली भिजलेली जमीन तो काय पिणार? तलाव सांडव्यावरून ओसंडला, खालच्या वस्त्यांत घरें बुडालीं, माणसें दगावलीं. सांडव्यासमोरील विवेकानंदांचा पुतळा पाण्यास अडथळा करतो कीं काय, हा वाद मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेला.