विश्लेषण : साठीनंतर अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला? हे मोतीबिंदूचे लक्षण असू शकते!

दापोडीहून रात्री हॅरिस पुलावरून बोपोडीकडे जाताना समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसतात? मोतीबिंदूची सुरुवात अनेकदा अशीच होते. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयानुसार गढूळ होते आणि प्रकाश विखुरतो. काहींमध्ये भिंगाचा गाभा घट्ट झाल्याने जवळची नजर तात्पुरती सुधारते. आजोबा चष्म्याशिवाय पेपर वाचतात, घरात कौतुक होते. पण तेही मोतीबिंदूचेच लक्षण असू शकते.

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आता भिंग अल्ट्रासाउंड लहरींनी फोडून बारीक छेदातून काढतात. ते फार कडक झाले, तर उलट शस्त्रक्रिया अवघड होते. तरीही 2015-19 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वाचे 66.2 टक्के कारण मोतीबिंदूच निघाले.

खरा घोळ नावांचा. काचबिंदूत भिंग नव्हे, तर डोळ्याची नस खराब होते. बहुतेकदा दुखत नाही, समोरचे स्पष्ट दिसते. कडेची नजर मात्र गुपचूप कमी होते. बाजूने आलेली रिक्षा उशिरा दिसते, चौकटीला खांदा लागतो. मोतीबिंदूत गेलेली नजर सहसा परत मिळते, काचबिंदूत गेलेली मिळत नाही. त्यामुळे ‘मोतीबिंदूच असेल’ म्हणून थांबणे महागात पडते. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीपासूनच तपासणी हवी.

तिसरा आजार दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा. खिडकीचे सरळ गज वाकडे दिसतात, समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट होतो. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून गज पाहा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दोष लपवतो. याच्या एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शने देऊन नजर वाचवता येते, मात्र उशीर नको.

अचानक विजेसारखी चमक, नजरेवर पडदा किंवा उलटीसह डोळ्यात तीव्र वेदना झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

एरवी पिंपरीतील वायसीएम रुग्णालय मेट्रोने गाठता येते. दापोडीनंतरचे चौथे स्थानक संत तुकारामनगर. चष्म्याच्या नंबरापुरते थांबू नका, डोळ्याचा दाब आणि मागचा पडदाही तपासून घ्या. त्यासाठी घातलेल्या थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते. दुचाकी घरीच ठेवा आणि सोबत कोणीतरी न्या.